तळातल्या पाच ओळी

चहा सांडला हे निमित्त. हाताला लागला तो कागद तिने ओढला आणि कचेरीतल्या टेबलावर पसरला, आणि तो आजच्या पुरवणीचा, म्हणजे तिच्या स्वतःच्याच पानाचा आहे, हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. शनिवारचे सकाळचे अकरा वाजले होते. पहाटेच घरोघरी जाऊन पडलेली पुरवणी तिच्या लेखी संपलेली होती. छापून आलेलं पान ती कधी वाचत नसे. दिवसभर स्वयंपाक केलेल्या बाईला जेवायच्या वेळी भूक नसते, तसलं काहीतरी. चहा कागदात मुरत गेला, खालच्या कोपऱ्यातल्या गाद्यांच्या जाहिरातीपर्यंत पोचला, गादीवर झोपलेली बाई तपकिरी झाली, आणि त्या बाईच्या डोक्यावर, 'पोटातलं' या सदराच्या अगदी तळाशी, तिला एक ओळ दिसली. 'इसबगोलाची ही भुशी दोन मोठे चमचे रोज सकाळी अनशापोटी घ्यावी.' पूर्णविराम. त्याखाली रेघ आणि त्याखाली गादी. तिने ओळ पुन्हा वाचली. हातातला कप तिने खाली ठेवला, मग उगाचच उचलला आणि पुन्हा ठेवला. पाणी कुठे गेलं? असं तिच्या मनात आलं, आणि ते कुठे गेलं हे तिला लगेच आठवलं. तिने टेबलाची कड धरली.

काल संध्याकाळी गादीवाल्यांची जाहिरात दोन बोटं वाढून आली. पान लावणारे मास्तर म्हणाले, "बाई, पाच ओळी जास्त होतात. कुठून काढू?" आणि तिने मान वर न करता सांगितलं, "तळातून काढा." यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तळातून कापायचं ही या धंद्याची पहिली बाराखडी. बातमी लिहितानाच महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली अशी उतरंड रचायची, म्हणजे जागा कमी पडली की खालून कापता येतं, डोकं चालवावं लागत नाही. बावीस वर्षं ती तळातून कापत आली होती. कचेरीत तिला तोंडावर बाई आणि पाठीमागे कात्री म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. तिने कापलेल्या ओळींची कुणाला कधी उणीव भासली नाही. कवी लोक कुरकुरायचे, पण कवींचं काय एवढं.

पण 'पोटातलं' हे सदर बातमीदाराचं नव्हतं. ते पोटोबांचं होतं. पोटोबा हे नावही कचेरीनेच ठेवलेलं; म्हणजे ऐंशीच्या घरातले, आयुष्यभर लोकांना कोंडा, पालेभाज्या, भिजवलेले अंजीर आणि कोमट पाणी यांच्या गोष्टी सांगत आलेले एक डॉक्टर. औषधांची चिठ्ठी हात आखडून लिहायचे आणि उपदेश मात्र सढळ. त्यांचं अक्षर कुणाच्या बापाला लागत नसे, म्हणून दर गुरुवारी ते फोनवर मजकूर सांगत आणि ती उतरून घेई. तिने खण उघडला, गुरुवारचा कागद काढला. तिचंच घाईचं अक्षर. चमच्यांच्या ओळीखाली सरळ लिहिलं होतं: 'आणि हो. सगळ्यात महत्त्वाचं ऐका. ही भुशी कोरडी कधीही तोंडात टाकू नये. मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी, वर आणखी एक पेला पाणी प्यावं. पाणी कमी पडलं तर ती वाटेतच फुगून बसते. ज्यांना घास गिळायला त्रास होतो त्यांनी तर ती घेऊच नये, आधी तपासून घ्यावं.' पाच ओळी. बरोबर गादीच्या मापाच्या.

आणि हो! या दोन शब्दांवर तिने तेव्हाच थांबायला हवं होतं. जगात दुसऱ्या कुणी नाही तरी तिने थांबायला हवं होतं, कारण हे दोन शब्द ती चार वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती. पोटोबा तेव्हा पोटोबा नव्हते. नुसते डॉक्टर होते, गल्लीच्या टोकाला त्यांची एक खोली होती, बाहेर लाकडी बाक. आई तिला हाताला धरून न्यायची. डॉक्टर पोट दाबायचे, जीभ बघायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, पेरू खातेस का, चावून खातेस का. मग आई उठायची, पिशवी घ्यायची, मुलीला चपला घालायची, कडीला हात लावायची, आणि तेव्हा मागून आवाज यायचा: "आणि हो." झालं, जे सांगायचं ते सगळं त्या 'आणि हो'नंतर. बाकावरचे लोकसुद्धा हसायचे, की डॉक्टरांना उशिरा आठवतं. एकदा, सदर सुरू झाल्यावर, तिने फोनवर विचारलंच होतं, की तुम्ही कामाची गोष्ट आधी का सांगत नाही, मला कापायला सोपं जाईल. तर म्हातारा खो खो हसला. "अगं, माणूस खुर्चीत बसलेला असतो तेव्हा त्याचे कान बंद असतात. त्याचं सगळं लक्ष आपल्या दुखण्यात. उठला, दाराशी गेला, सुटलो एकदाचा असं त्याला वाटलं, की कान उघडतात. तेव्हा सांगायचं. आणि तेही तसंच करतात बरं का! अर्धा तास ढेकरांचं पुराण लावतील, आणि खरं दुखणं कडीला हात लावून सांगतील. मी तर कुणी दाराशी रेंगाळलं की लेखणी खालीच ठेवत नाही." ती त्या वेळी हो हो म्हणाली होती. दुसऱ्या कानाने मास्तरांचं ऐकत होती.

तिने संपादकांच्या खोलीत जाऊन सांगितलं. संपादक चांगला माणूस, पण शनिवारी सकाळी चांगला माणूससुद्धा आधी घड्याळाकडे बघतो. "उद्या पहिल्या पानावर चौकट टाकू," ते म्हणाले, "ठळक टाइपात. पोटोबांना फोन कर, नीट शब्द विचारून घे. आणि इतकी पांढरी नको पडूस, भुशीने कोण मरतंय?" तिने पोटोबांना फोन केला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "बहुतेकांना काही होत नाही. लोक पाणी पितातच. म्हातारी माणसं पीत नाहीत. ज्यांची अन्ननलिका आधीच अरुंद झालीय त्यांची भीती. चौकटीत तेवढं पहिलं लिही." मग थोड्या वेळाने, "तुझी आई काय म्हणते?" हे त्यांनी सहज विचारलं. ते दर गुरुवारी विचारत. फोन ठेवून ती उभीच राहिली, आणि इतका वेळ नुसती धास्ती होती तिला एकदम तोंड फुटलं.

आई. आई पहाटे सहाला दाराखालून पेपर ओढते आणि तिचं पान आधी काढते. आईचा पोटोबांवर विश्वास होताच, पण छापलेल्या पोटोबांवर फारच. "तुझ्या पानात आलंय, मग खोटं कसं असेल?" प्रत्येक सदर ती कापून वहीत चिकटवायची, आणि वहीत चिकटलेलं सगळं अंमलात आणायची. एक घास बत्तीस वेळा चावावा असं आलं, तेव्हा महिनाभर आईचं जेवण दोन-दोन तास चालायचं आणि मध्ये कुणी बोललं तर हाताने थांब म्हणायची, कारण मोजणी चुकायची. अंजीर भिजवावेत असं आलं, तर तीनच, चौथा नाही, कारण छापलं होतं तीन. या बाईने 'दोन मोठे चमचे, सकाळी, अनशापोटी' वाचलं असेल तर घड्याळ बघून, मोठा चमचा मुद्दाम शोधून, दोन घेतले असतील. पाण्याचं छापलेलं नाही. आणि पाणी म्हणजे आईचं जुनं वैर. गुडघे दुखतात, उठबस नको, म्हणून घोट घोट पिते. तिने फोन फिरवला. वाजत राहिला. आई तिसऱ्या घंटेला उचलते, हा नेम. बारा, तेरा, चौदा. ठेवून पुन्हा फिरवला. मास्तर चष्म्यावरून बघत होते. "बाजारात गेल्या असतील," ते म्हणाले. आई शनिवारी बाजारात जात नाही, हे त्यांना कशाला सांगा.

आणि बसमध्ये, खिडकीपाशी, गुडघ्यावर पर्स घट्ट धरून बसलेली असताना तिला बुधवार आठवला. बुधवारी संध्याकाळी आईचा फोन आला होता. पाण्याच्या मोटारीचं झालं, खालच्या शिंप्याच्या सुनेचं झालं, दुधाच्या बाटलीचं झालं. ती एका हाताने मथळे मोजत होती. हं, हं. मग आई म्हणाली, "अगं, आणि हल्ली मला घास—" आणि ती म्हणाली, "आई, ठेवते, पान छपाईला सोडायचंय." ठेवला. रोजचंच. फोन असा ठेवायची तिला इतकी सवय होती की त्यात काही तोडतोय असं वाटतही नसे. घास. घास काय? बस सिग्नलला थांबली, सुटली, पुन्हा थांबली. घास गोड लागत नाही? हे आई म्हणू शकते; बाबा गेल्यावर वर्षभर म्हणायची. घास चावायला दात राहिले नाहीत? हेही शक्य आहे. हल्ली मला घासाघीस जमत नाही भाजीवाल्याशी, असंसुद्धा असेल, का नाही? ती स्वतःशीच हसली आणि शेजारची बाई जरा सरकून बसली. हल्ली मला घास गिळताना. नाही. असं काही नसेल. पण वाक्य तिथेच तुटलं होतं आणि त्याचं उरलेलं टोक या शहरात फक्त एका माणसाजवळ होतं, आणि ते माणूस फोन उचलत नव्हतं.

किती वर्षं ती लोकांची पोटं वाचत आली होती! दर आठवड्याला सदरासाठी पत्रं यायची, गठ्ठ्याने. निवृत्त तिकीट तपासनीस, तक्रार: चार दिवसांतून एकदा, तीही मनासारखी नाही. एक गृहिणी, तक्रार: सासूबाई कोंड्याचा पाव खाऊ देत नाहीत. एकाने तर महिन्याचा तक्ता आखून पाठवला होता, वेळ, स्वरूप, शेरा. डबा खाता खाता ती ही पत्रं वाचायची आणि कचेरी नाकं मुरडायची. त्या अनोळखी लोकांचं एक अन् एक दुखणं तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं, 'ता. क.'सकट. आणि आईच्या पोटाविषयी तिला काय माहीत होतं? काही नाही. आई बरी असते. आई म्हणजे कधीही विचारलं तरी बरी असलेली बाई. गेल्या महिन्यात गेली होती तेव्हा आईचा झगा खांद्यावरून उतरत होता. "केवढा सैल शिवलाय त्या शिंप्याने," ती म्हणाली होती. आई म्हणाली, "हो ना." तेव्हा टेबलावर पावाचा फक्त मऊ गर होता आणि कडा ताटलीत रांगेने ठेवल्या होत्या. चिमण्यांना, आई म्हणाली. चिमण्या तिसऱ्या मजल्यावर? तिला घाम फुटला. स्वतःचं पोट तिने दोन्ही हातांनी दाबून धरलं. ते चार दिवस हललं नव्हतं; लोकांना तंतुमय आहार शिकवणारी ही बाई स्वतः उभ्या उभ्या बिस्किटं खायची. आतलं सगळं गच्च होऊन बसलं होतं आणि पुढे सरकत नव्हतं, बससुद्धा सरकत नव्हती, आणि तिला वाटलं आता आपण मोठ्याने ओरडणार. ओरडली नाही. एक थांबा आधीच उतरली आणि चालत सुटली.

जिने तिने मोजले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर शिंप्याचं यंत्र चालू होतं, त्याचा खडखड आवाज जिन्यात भरला होता. वर काही पडलं, कुणी हाक मारली, तरी याला काय ऐकू जाणार, असा राग तिला आला. घंटा वाजवली. आत पावलं नाहीत. पुन्हा. पर्समध्ये किल्ली होती, ती नेमकी सगळ्यात तळाशी, रुमाल, पावत्या, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या खाली. कुलूप तीनदा चुकलं. देवा, असं एकदाच कर, ती मनात म्हणाली, मी पुन्हा काही कापणार नाही. असलं काही ती एरवी म्हणत नसे. दार उघडलं. बैठकीच्या खोलीत ऊन पडलेलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर पान उघडं, त्यावर आईचा चष्मा, बाजूला भुशीचं नवं पाकीट, वरची कड कात्रीने सरळ कापलेली. आणि मोठा चमचा. "आई!"

"अगं, ओरडतेस काय?" संडासाच्या दाराआडून आवाज आला. "माणसाने तिथे तरी निवांत बसू नये का? फोन काय, घंटा काय! आग लागलीय का कुठे?"

ती तिथेच, स्वयंपाकघराच्या खुर्चीत, मटकन बसली. रडू आलं की हसू, हे ठरायच्या आत आई भिंत धरत धरत बाहेर आली, हात पुसत. लेकीकडे पाहिलं. भुशीकडे पाहिलं.

"घेतलीस का? किती घेतलीस? पाणी किती प्यायलीस?"

"नाही घेतली."

"नाही?"

"नाही म्हणजे नाही. पाकीट फोडलं, चमचा काढला. मग पुन्हा वाचलं." आई हळूच समोर बसली. "शेवटच नाही त्याला. तो माणूस आणि हो म्हटल्याशिवाय कधी थांबलाय का? चाळीस वर्षं ओळखते मी त्याला. म्हटलं, काहीतरी राहिलंय. पुढच्या शनिवारी येईल, तेव्हा घेऊ. कुणा मेल्याने कापलं असणार."

"मीच," ती म्हणाली. "मीच मेलीने."

मग दोघी हसल्या. आई तोंडावर हात धरून हसली आणि मग खोकली, बराच वेळ खोकली. तिने पेला भरून पाणी दिलं. आईने एक घोट घेतला, थांबली, मान किंचित पुढे करून वाट बघितल्यासारखी थांबली, आणि पेला खाली ठेवला. तिने ते बघितलं. पण सुटकेच्या भरात माणूस आंधळं होतं; आई जिवंत आहे, समोर आहे, शिव्या देते आहे, यापलीकडे तिला काही बघायचं नव्हतं. तिने पाच ओळी आईला तोंडपाठ म्हणून दाखवल्या. आई वहीत टिपून घ्यायला उठली नाही. फक्त शेवटची ओळ ऐकताना तिने चमचा उचलून खणात ठेवून दिला. लेकीने घड्याळ पाहिलं. साडेबारा. एक वाजता उद्याची चौकट लिहून द्यायची होती. आता सगळं पुन्हा आपल्या जागेवर येत होतं, चौकट, मास्तर, संपादक, आणि तिला हळूहळू नेहमीचा राग यायला लागला, फोन जवळ का ठेवत नाहीस, पाणी का पीत नाहीस, काळजीने जीव गेला माझा, हे सगळं ती एका दमात बोलली आणि बोलता बोलता पर्स खांद्याला लावली. आई हो म्हणत होती. चपला घातल्या. दाराशी आली. आई मागे मागे आली, चौकटीला टेकून उभी राहिली.

"अगं," आई म्हणाली.

"निघते आई, चौकट—"

कडीवर हात होता तो तसाच राहिला. गार लोखंड, मधे हाताने झिजून गुळगुळीत झालेलं. शिंप्याचं यंत्र खाली थांबलं होतं. तिला वळायची भीती वाटली. वळलं नाही तर हे वाक्य पुन्हा इथेच तुटेल, आई आत जाईल, कडा ताटलीत रांगेने ठेवील, आणि ती बसमध्ये बसून चौकटीचे शब्द जुळवील. ते किती सोपं होतं! रोज करत होती तसं. तिने कडीवरचा हात काढला.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही. जा तू. उशीर होतोय तुला."

"होऊ दे." ती वळली. आईला तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, मानेची हाडं, मनगट, सैल झगा. "सांग."

आई बोटाने चौकटीवरचा रंगाचा पोपडा काढत राहिली. तो निघेना. लेक थांबली, इतका वेळ ती कुणासाठीच थांबली नसेल. "दोन महिने झाले," आई म्हणाली. "घास उतरत नाही. इथे येऊन बसतो." तिने छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "आधी पावाच्या कडा. आता गरसुद्धा. पातळ असलं तरच जातं. वाटलं, पोट साफ नाही म्हणून वर अडत असेल. म्हणून तर आणली ना भुशी. डॉक्टरला सांगणार होते, पण म्हटलं, तू कामात, ते म्हातारे, कशाला उगाच." आवाज अगदी साधा होता, दुधाच्या बाटलीचं सांगावं तसा. "वजन उतरलं ते त्यानेच असेल. शिंप्याला बिचाऱ्याला उगाच बोललीस तू."

तिने खाली वाकून चपलेचा बंद सोडायला घेतला. बोटांना तो सापडत नव्हता. पहिल्यांदा पोटोबांना फोन, मग मोठ्या दवाखान्यात, आजच, आत्ताच, शनिवारी कोण असतं, कुणीतरी असेलच. चौकट मास्तर लिहितील. एक चप्पल निघाली. दुसरीचा बंद ओला झाला होता आणि तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय.

"आणि हो," वरून आईचा आवाज आला, हळू, समजूत घातल्यासारखा. "बुधवारी फोनवर हेच सांगत होते मी तुला."